१९०३ सालचा ई-मेल

माझे काका काशीत वारले, मणिकर्णिका घाटावर अंत्यविधी झाला. चुलतभावाने बनारसच्या सायबर कॅफेतून मेल धाडला: "बाबा आज पहाटे गेले." आज म्हणजे कधी? ते फक्त मेलच्या माथ्यावर होतं: शनिवार, १५ मार्च ०३.

काकू होत्या तोवर तिथी त्यांच्या तोंडी होती. त्या गेल्यावर श्राद्धासाठी तिथी शोधायची वेळ आली. भावाला मार्च आठवतो, शुद्ध की वद्य आठवत नाही. मी जुने मेल नव्या प्रोग्रॅममध्ये ओढून घेतले, तर त्याने तारीख दाखवली १५ मार्च १९०३! तीच पंचांगाच्या ॲपमध्ये घातली आणि वद्य पक्ष आला.

चूक कुठली? १९८२च्या ई-मेल नियमांत वर्ष दोनच अंकी होतं. १९८९मध्ये चार अंकांची शिफारस झाली, पण जुने प्रोग्रॅम तसेच चालत राहिले. वाचणारा प्रोग्रॅम डोळे मिटून पुढे '१९' लावत होता. २००१च्या नियमांनी तोडगा सांगितला: ०० ते ४९ असेल तर २००० मिळवा, ५० ते ९९ असेल तर १९००. वर्ष तीन अंकी दिसलं, तरी १९०० मिळवा. काही प्रोग्रॅम १९०० पासूनची वर्षं मोजतात, म्हणून २००३ला ते १०३ लिहून बसतात.

मी वर्ष वाचणाऱ्या भागात एवढ्याच अटी घातल्या. मूळ मेलला हात लावला नाही. तो पुरावा आहे, दुरुस्ती वाचण्यात करायची.

पण नियम म्हणजे शेवटी अंदाजच. म्हणून वार तपासा. १५ मार्च १९०३ला रविवार होता, २००३ला शनिवार. मेलमध्ये शनिवार आहे. शिवाय वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का मारतो, त्यांतल्या एकावर २००३ पूर्ण लिहिलेलं सापडलं.

(आपल्याकडे हा घोळ जुनाच म्हणा. त्या दिवशी काशीत संवत २०५९ होतं, आपल्याकडे शके १९२४. नुसतं '५९' नि '२४' लिहिलं तर कोण कशाला काय समजेल?)

बरोबर साल घातल्यावर पंचांगाने फाल्गुन शुद्ध पक्ष दिला. भावाला फोन केला. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "हो रे, होळी व्हायची होती अजून. घाटावर लाकडं रचलेली पाहून मला आधी तीच वाटली होती."