मंदगामी नौकेंतून युरोपचा प्रवास

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत युरोपचा नकाशा भिंतीवर टांगून आम्ही त्या खंडाच्या किनाऱ्याचीं वळणें विद्यार्थ्यांस दाखवीत होतों. इतक्यांत मागच्या बांकावरून एका मुलानें विचारलें, "सर, एवढ्या नद्या आणि एवढे समुद्र एकमेकांना लागून आहेत, तर एखाद्या कुटुंबाला आपल्याच बोटींत घर करून सगळा युरोप पाहतां येईल का?" वर्ग हंसला, आणि सांगण्यास लाज वाटते, पण आम्हींहि हंसून वेळ मारून नेली. घरीं गेल्यावर मात्र प्रश्न हंसण्यासारखा नव्हता हें ध्यानांत आलें. असा प्रवास करणारीं कुटुंबें युरोपांत खरोखरच आहेत. त्यांचीं गलबतें कशीं असतात, तीं कोणत्या मार्गांनीं जातात व त्यांच्या वाटेंत कोणत्या अडचणी येतात, याची माहिती मिळवून ती येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्हां कोंकणवासीयांस ट्रॉलर हा शब्द नवा नाहीं. समुद्राच्या तळावरून ओढीत न्यावयाच्या जाळ्यास इंग्रजींत ट्रॉल म्हणतात, व तें ओढणारी मासेमारी नौका ती ट्रॉलर. युरोपच्या उत्तरेकडील खवळलेल्या समुद्रांत दिवसच्या दिवस टिकाव धरतां यावा म्हणून तिचें पोट भरदार, नाळ उंच व सुकाणूं धरण्याची खोली बंदिस्त ठेवीत. पुढें सहलीचीं खासगी गलबतें बांधणाऱ्यांनीं हाच घाट उचलला. जाळें गेलें, माशांच्या कोठाराच्या जागीं निजण्याच्या खोल्या व स्वयंपाकघर आलें. परंतु सावकाश व दूरवर चालणारें डिझेल इंजिन आणि तेलाच्या मोठ्या टांक्या कायम राहिल्या. अशा गलबतास ट्रॉलर यॉट असें म्हणतात. अमेरिकेच्या आरमारांतील कॅप्टन रॉबर्ट बीबी यांनीं ह्या कल्पनेस मोठी चालना दिली. त्यांचें 'पॅसेजमेकर' नांवाचें पन्नास फुटी गलबत १९६३ सालीं सिंगापूर येथें बांधून झालें, आणि तेथून हिंदी महासागर व सुवेझचा कालवा ओलांडून ग्रीसला पोंचलें. लहान गलबतास शिडांवांचून केवळ इंजिनाच्या बळावर महासागर पार करतां येतो, याचा हा उत्तम दाखला होता.

आतां कोणी विचारील कीं, इंजिन आहे तर मग हीं गलबतें इतकीं मंद कां? ह्याचें उत्तर पाण्याच्या धर्मांत आहे. गलबत पाणी कापीत चाललें म्हणजे त्याच्या नाळेपाशीं लाट उठते. वेग वाढतो तसतशी ती लाट लांबत जाते. लाटेची लांबी गलबताच्या पाण्यांतील लांबीएवढी झाली म्हणजे मर्यादा आली असें समजावें; कारण त्याहून अधिक वेग करूं गेल्यास मागचा भाग लाटेच्या खळग्यांत उतरतो, आणि गलबत स्वतःच उठविलेल्या लाटेचा चढ चढूं लागतें. ही मर्यादा काढण्याची रीति सोपी आहे. पाण्यांतील लांबी फुटांत घेऊन तिचें वर्गमूळ काढावें व त्यास १.३४ नें गुणावें. लांबी ४९ फूट असल्यास वर्गमूळ ७ व गुणाकार ९.३८ येतो, म्हणजे तासास सुमारें सव्वानऊ सागरी मैल ही त्या गलबताची सीमा झाली. एक सागरी मैल १,८५२ मीटरांचा असतो.

ह्या सीमेच्या आंतहि घाई महाग पडते. स्थूलमानानें पाहतां, इंजिनास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. वेग दीडपट केला कीं शक्ति जवळजवळ साडेतीनपट लागते. वेळ कमी लागतो हें जमेस धरलें तरी तेवढ्याच अंतरास तेल सव्वादोनपट जळतें, आणि सीमेजवळ तर त्याहूनहि अधिक. म्हणून हे प्रवासी तासास सहा-सात मैलांवर समाधान मानतात. सात मैलांच्या वेगानें अहोरात्र चाललें तर चोवीस तासांत १६८ सागरी मैल, म्हणजे सुमारें ३११ किलोमीटर होतात. आगगाडी हें अंतर कांहीं तासांत काटते. परंतु ट्रॉलर आपलें घर, धान्य, पाणी व निजावयाची जागा बरोबर घेऊन जातो, हें विसरतां कामा नये.

आतां मार्गाचा विचार करूं. समजा, एखाद्या कुटुंबास हॉलंडमधून भूमध्य समुद्रास जावयाचें आहे. एक वाट बाहेरच्या समुद्रानें. प्रथम इंग्लिश खाडी लागते. तेथें मोठ्या जहाजांच्या जाण्यायेण्याच्या वाटा आंखून दिलेल्या असून, त्या ओलांडावयाच्या झाल्यास शक्य तों काटकोनांत ओलांडाव्या असा १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांचा दंडक आहे. शिवाय तेथील भरती-ओहोटी विलक्षण. फ्रान्सच्या सेंट मालो बंदरांत मोठ्या उधाणाच्या दिवशीं पाण्याच्या पातळींत बारा मीटरांहून अधिक फरक पडतो. ह्या चढउतारानें उत्पन्न होणारे प्रवाह कित्येक ठिकाणीं ट्रॉलराच्या वेगाशीं बरोबरी करतात. वेळ चुकली तर इंजिन चालूं असूनहि गलबत जागच्या जागीं राहतें. पुढें बिस्केचा उपसागर. तेथें चार हजार मीटरांहून खोल असलेला तळ एकदम वर येऊन दोनशें मीटरांच्या आंत येतो, त्यामुळें अटलांटिकच्या लांबवरून आलेल्या लाटा उभ्या व कठीण होतात. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यांत बहुधा उत्तरेचा वारा असल्यानें दक्षिणेस जाणारास तो साह्य करतो. तथापि २०२० पासून त्या भागांत ओर्का नांवाच्या मोठ्या जलचरांनीं लहान गलबतांचीं सुकाणीं मोडल्याचे, व कांहीं गलबतें त्यामुळें बुडाल्याचे प्रकार घडले आहेत. विशेषतः शिडाच्या गलबतांस हा उपद्रव अधिक होतो. म्हणून पुष्कळ जण तेथें किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांतून जातात. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनींत मात्र निसर्ग आंत येणारास हात देतो. भूमध्य समुद्रांतील पाण्याची वाफ फार होते व तेवढें पाणी नद्या पुरवीत नाहींत. ही तूट भरून काढण्यास अटलांटिकचें पाणी वरच्या थरांतून पूर्वेकडे वाहत असतें.

ह्या मार्गावर गलबताच्या बांधणीइतकेंच थांबण्याच्या बुद्धीस महत्त्व आहे. वेगवान बोट वादळाची सूचना मिळतांच बंदर गांठूं शकते. तासास सात मैल चालणारास तें नेहमींच साधत नाहीं. म्हणून त्यानें निघण्यापूर्वींच हवा पाहून घ्यावी लागते, आणि हवा ठीक नसल्यास चार-चार, आठ-आठ दिवस बंदरांत बसून राहावें लागतें. हें वाचीत असतां आम्हांस प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायाची आठवण झाली. पौलास रोमास नेणारें गलबत क्रेत बेटाच्या सुरक्षित आश्रयाला होतें. प्रवासाचा ऋतु सरला असल्यानें पुढें जाण्यांत धोका आहे असें पौलानें सांगितलें. पण हिंवाळ्यासाठीं अधिक सोयीचें बंदर हवें म्हणून मंडळी निघालीच. तुफानानें त्यांस चौदा दिवस भरकटविलें व माल्टा बेटावर गलबत फुटलें. गलबतावरील २७६ माणसें वांचलीं, परंतु गलबत व धान्य गेलें.

हा मुद्दा पारखून पाहावा म्हणून आम्ही एके सायंकाळीं धक्क्यावर गेलों. प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे वडील मासेमारी नौकेवर तांडेल आहेत. आम्हीं त्यांस विचारलें, "तुम्ही निघाल्यावर मध्येंच परत फिरलां असें कधीं झालें आहे काय?" ते म्हणाले, "हो सर. मागच्या साली डिझेल उधारीवर भरलेलं, बर्फ भरलेला, आणि बाहेर पडल्यावर वारा फिरला. परत आलों. बर्फ पाणी झाला, उधारी अंगावर राह्यली." पुढें थोडें थांबून म्हणाले, "दर्याला तारीख कळत न्हाय. आपणच थांबायचं." त्या फेरीचें कर्ज फेडावयास त्यांस दोन महिने लागले. युरोपांतील हौशी प्रवाशाचा थांबण्यानें केवळ वेळ जातो. येथें घरची चूल अडते. तरीहि तांडेलानें नौका मागें फिरविली, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

दुसरी वाट जमिनीच्या पोटांतून जाते. युरोपांतील मोठ्या नद्या कालव्यांनीं एकमेकींस जोडलेल्या आहेत, आणि चढ-उताराच्या जागीं पाण्याचे जिने बांधलेले आहेत. त्यांस लॉक म्हणतात. दोन्ही टोंकांस दरवाजे असलेला हा एक मोठा हौद होय. गलबत आंत घेऊन खालचा दरवाजा बंद करावयाचा व वरचें पाणी सोडावयाचें. हौद भरला कीं गलबत उचललें जातें व वरचा दरवाजा उघडून पुढें निघतें. उतरतांना ह्याच्या उलट. फ्रान्सचे मंत्री फ्रेसिने यांनीं १८७९ सालीं लॉकांचें माप कायद्यानें ठरवून दिलें. लांबी सुमारें ३९ मीटर व रुंदी ५.२ मीटर. आजहि तेथील पुष्कळ कालव्यांवर हेंच माप चालतें. पण पुलांखालील मोकळी जागा बऱ्याच ठिकाणीं साडेतीन मीटरांच्या आसपास असल्यानें, उंच बांधणीच्या ट्रॉलरास डोलकाठी आडवी करूनहि तेथून जातां येत नाहीं. तेव्हां गलबत विकत घेण्यापूर्वींच त्याची पाण्यावरील उंची मोजणें शहाणपणाचें.

ज्यांस काळ्या समुद्राकडे जावयाचें आहे, त्यांस ऱ्हाईन, माइन व डॅन्यूब ह्या नद्यांचा मार्ग आहे. ह्या नद्या जोडण्याचा पहिला प्रयत्न शार्लमेन बादशहानें ७९३ सालीं केला व तो फसला. पुढें १८४६ सालीं एक अरुंद कालवा पुरा झाला, आणि आजचा रुंद कालवा १९९२ सालीं उघडला. बाम्बेर्गपासून केलहाइमपर्यंत त्याची लांबी १७१ किलोमीटर असून त्यावर १६ लॉक आहेत. त्यांतील सर्वांत उंच लॉक गलबतास एका दमांत जवळजवळ पंचवीस मीटर उचलतात. कालव्याचा माथा समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंच आहे. म्हणजे माथेरानच्या निम्म्या उंचीवर समुद्रांतलें गलबत चढून जातें व पलीकडे उतरतें. ह्या मार्गांत लाटांचें भय थोडें. तथापि नदीचे प्रवाह, मालवाहू जहाजांची गर्दी व खुणांचे नियम यांचें ज्ञान हवें. त्या नियमांची परीक्षा देऊन चालकास प्रमाणपत्र मिळवावें लागतें.

समुद्र व नदी यांच्या अडचणी झाल्या. तिसरी अडचण कागदांची, व ती सर्वांत अनपेक्षित आहे. युरोपांतील बहुतेक राष्ट्रांनीं शेंगेन करारान्वयें आपसांतील सरहद्दी मोकळ्या केल्या आहेत. परंतु बाहेरच्या प्रवाशास त्या सर्व राष्ट्रांत मिळून कोणत्याहि १८० दिवसांत ९० दिवसच राहतां येतें. आम्हां हिंदी लोकांस तर आधीं व्हिसा काढावा लागतो. २०२१ पासून इंग्रजांसहि नव्वद दिवसांचा हा नियम लागूं झाला. पूर्वीं कांहीं जण मुदत संपत आली कीं क्रोएशियांत जाऊन राहत. पण २०२३ मध्यें तो देशहि करारांत आला. आतां मॉन्टेनेग्रो, आल्बानिया व तुर्कस्तान यांचा आधार उरला आहे. गलबतासहि स्वतंत्र मुदत असते: युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या मालकानें बाहेरचें गलबत आणल्यास तें सामान्यतः अठरा महिने करावांचून ठेवतां येतें.

आतां हिशेब करून पाहा. रोज पन्नास मैल धरले तर ९० दिवसांत ४,५०० मैल होतात. पण हवेमुळें, दुरुस्तीमुळें व विश्रांतीसाठीं तीन दिवसांपैकीं एकच दिवस चालतां आलें असें धरा. मग १,५०० मैलच उरतात. ज्यानें पहिल्या आंकड्यावर बेत आंखला, त्यास अखेरच्या आठवड्यांत वाईट हवेंत निघण्याचा मोह होतो. संकटें बहुधा येथेंच ओढवतात. अनुभवी प्रवासी म्हणून दुसरा आंकडा धरूनच निघतात, व वाटेंत गलबत सोडून आगगाडीनें किंवा विमानानें परत येतां येईल अशीं बंदरें आधींच हेरून ठेवतात.

गलबतावरील दिवस हौसेचा असला तरी आळसाचा नसतो. रोज सकाळीं इंजिनाचें तेल पाहावयाचें, डिझेलच्या गाळणींत पाणी किंवा गाळ सांचला आहे काय तें तपासावयाचें, रात्रीं पाळीपाळीनें पहारा करावयाचा, व बिनतारी यंत्राच्या सोळाव्या वाहिनीवर कान ठेवावयाचा. शीड नसल्यानें ट्रॉलर आडव्या लाटेंत फार हेलकावतो; त्यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंस लांब दांडे काढून त्यांच्या टोंकांपासून धातूचे जड पंखे पाण्यांत सोडतात. ही युक्तीहि मच्छीमारांकडूनच घेतलेली आहे.

तेव्हां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, होय, येईल. मात्र सगळा युरोप एका उन्हाळ्यांत नव्हे. जून महिन्यांत शाळा उघडल्यावर आम्हीं तोच नकाशा पुन्हां टांगला, व वर चढून आलेल्या त्या मुलास पुढें बोलावून हें सर्व त्याच्याकडूनच वर्गास सांगविलें. लाटेचें गणित आम्हीं शिकविलें. परंतु वारा फिरला कीं काय करावें हें सांगतांना त्यास आमच्या साहाय्याची गरज पडली नाहीं. त्या दिवशीं वर्गांत कोणी हंसलें नाहीं.