प्लॅटिनमचा वर्ख

मिठाईवरचा चांदीचा वर्ख तुम्ही पाहिलाच असेल. उर्दूतला ‘वरक’ तो मराठीतला वर्ख. चांदीचा लहानसा तुकडा ठोकून ठोकून केवढा पसरतो! पेणच्या गणेशमूर्तींचे मुकुटही आतून मातीचे किंवा प्लॅस्टरचेच असतात. चमकतो तो वरचा सोनेरी थर. या युक्तीचा उपयोग आता मोटारगाड्यांसाठी होत आहे.

पेणहून नागोठणेमार्गे रोह्याला डिझेलच्या बसने गेलात, तर मागे धूर राहतो. हायड्रोजनच्या बसमधून मात्र पाण्याची वाफ निघते. सी.एस.आय.आर. आणि केपीआयटी कंपनी यांनी तयार केलेली अशी बस 21 ऑगस्ट 2022 रोजी पुण्यात लोकांसमोर आली. तिच्यात इंधन घट आहे.

या घटात एका बाजूने हायड्रोजन व दुसऱ्या बाजूने हवा सोडतात. मधे एक पडदा असतो. हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. पडदा प्रोटॉनना वाट देतो, पण इलेक्ट्रॉनना अडवतो. मग ते तारेतून फिरून जातात. हीच वीज! पलीकडे ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी बनते.

ही क्रिया वेगाने व्हावी म्हणून प्लॅटिनम लागते. स्वतः खर्ची न पडता क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील रसायनतज्ज्ञांना हा शब्द रोजच्या ओळखीचा आहे.

1839 साली विल्यम ग्रोव्ह यांनी प्लॅटिनम वापरूनच असा घट बनवला होता. पण प्लॅटिनम फार महाग. शिवाय वायू फक्त त्याच्या पृष्ठभागाला स्पर्श करतो. आतले अणू नुसतेच पडून राहतात. आता हिशेब करा. एक सेंटीमीटर बाजूच्या प्लॅटिनमच्या घनाचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटीमीटर. त्याचाच 10 नॅनोमीटर जाडीचा थर दिला, तर 100 चौरस मीटर जागा झाकली जाईल!

असा थर हातोडीने होत नाही. निर्वात पात्रात प्लॅटिनमवर आर्गॉनच्या आयनांचा मारा करतात. सुटलेले अणू समोरच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. मात्र फार पातळ थर टिकवणे कठीण. त्याचे अणू हळूहळू विरघळतात. म्हणून शास्त्रज्ञ प्लॅटिनममध्ये कोबाल्ट किंवा निकेल मिसळून पाहतात. त्यामुळे प्लॅटिनमही कमी लागते.

आणखी एक शत्रू आहे, कार्बन मोनॉक्साइड. तो प्लॅटिनमला चिकटून बसला, की हायड्रोजनला जागाच उरत नाही. आज बराचसा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात. त्यात हा वायू येतोच, म्हणून हायड्रोजन आधी शुद्ध करावा लागतो. शिवाय तो काढताना कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो वेगळाच. पाण्यापासून विजेने हायड्रोजन काढला, तर हे दोन्ही टळते. पण ती वीज सूर्य किंवा वाऱ्यापासून मिळालेली हवी.