फिरतें घर, वीजयंत्र आणि वारा

चाकांवरचें घर घेऊन सहलीस निघण्याची हौस आतां आपल्याकडेहि रुजूं लागली आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हान पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. पेंच, ताडोबा, चिखलदरा हीं ठिकाणें नागपुराहून जवळ. तेव्हां गाडींतच निजावयाची व रांधावयाची सोय असली, तर कुटुंबास निवाऱ्याची विवंचना राहत नाहीं. परंतु रानाच्या कडेला गाडी उभी केली कीं विजेचा प्रश्न येतो. त्यासाठीं पेट्रोलवर चालणारें लहान वीजयंत्र, म्हणजे जनरेटर, गाडींतच बसवितात. तें दिसूं नये, त्याचा आवाज येऊं नये, म्हणून एखाद्या पेटींत किंवा बाजूच्या कपाटांत कोंडतात. धोक्यास आरंभ होतो तो या कोंडण्यापासून.

वीजयंत्र हें नांवाला वीज करणारें. त्याच्या कामाचा मोठा वांटा उष्णता करण्याचा आहे. तीन किलोवॅटचें यंत्र पुऱ्या भारावर चालविलें, तर तासाला सव्वा ते दीड लिटर पेट्रोल जळतें. त्या इंधनांतील शक्तीचे चार भाग मानले, तर विजेच्या रूपानें हातीं येतो तो जेमतेम एक. उरलेल्या तीन भागांपैकीं सुमारें निम्मी उष्णता धुराबरोबर नळीवाटे बाहेर पडते आणि बाकीची यंत्राच्या अंगावरून सभोंवारच्या हवेंत जाते. ही बाकीची म्हणजे किती? हजार वॅटच्या पांच विजेच्या शेगड्या एका पेटींत ठेवून पेटी लावून घेतली, तर जी गत होईल ती.

ही उष्णता वाहून नेणारा हमाल एकच, तो म्हणजे वारा. पेटींत शिरणारी हवा बाहेर पडेपर्यंत पंधरा अंशांहून अधिक तापूं नये असें ठरविलें, तर दर मिनिटाला सुमारें अठरा घनमीटर हवा खेळावी लागते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व तितक्याच उंच खोलींतील सगळी हवा दीड-पावणेदोन मिनिटांत बदलावी, इतका हा ओघ आहे. त्यासाठीं एक चौरस फुटाचें मोकळें तोंड लागतें. त्यावर जाळी बसविली व जाळीच्या तारांनीं निम्मी जागा अडविली, तर भोंक दोन चौरस फुटांचें करावें लागेल. पुष्कळ सुतार येथेंच चुकतात. ते भोंकाचें माप मोजतात, मोकळ्या जागेचें मोजीत नाहींत.

आणि भोंक एक असून भागत नाहीं. नागपूरच्या माणसाला हें समजावून सांगण्याची गरज नसावी. पूर्वीं दारांना वाळ्याच्या तट्ट्या लावीत, आतां खिडकींत कूलर बसवितात. पण समोरची खिडकी उघडी नसेल, तर कूलर कितीहि घरघरला तरी खोली गार होत नाहीं, हें येथील पोराटोरांनाहि ठाऊक आहे. आंत आलेल्या हवेला जावयास वाट हवी. वीजयंत्राचेंहि तसेंच. येणारी वाट निराळी, जाणारी निराळी. आणि दोन्ही वाटा इतक्या दूर कीं बाहेर पडलेली तापलेली हवा वळून पुन्हा आंत ओढली जाऊं नये. हा शेवटला दोष फार फसवा आहे. पंखा जोरानें फिरत असतो, वाराहि हाताला लागतो, परंतु तीच ती हवा फिरत राहते आणि प्रत्येक फेऱ्याला अधिकच तापते. म्हणून दोन वाटांमध्यें पत्र्याचा घट्ट पडदा असावा. यंत्राच्या अंगावर कारखान्यानें बसविलेलीं पत्र्याचीं आवरणेंहि काढूं नयेत. तीं शोभेसाठीं नसून वाऱ्याला तापलेल्या पात्यांवरूनच जाण्यास भाग पाडण्यासाठीं असतात.

नागपुरांत या हिशेबाला आणखी एक कांटा आहे. विद्युत्-यंत्रें घडवितांना सभोंवारची हवा फार तर ४० अंशांची असेल असें सामान्यतः गृहीत धरतात. आपल्याकडे मे महिन्यांत पारा त्याच्या पुष्कळ वर असतो. २०१३ सालच्या मे महिन्यांत तो ४७.९ अंशांवर गेला होता. म्हणजे यंत्र सुरू होण्यापूर्वींच त्याची सवलत संपलेली! शिवाय दर साडेपांच अंशांमागें इंजिनाची शक्ति सुमारें एक टक्का घटते, आणि गुंडाळीवरील विद्युत्-रोधक आवरणाचें आयुष्य दर दहा अंशांस निम्में होतें असा जुना अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. दुपारीं गाडींतील शीतयंत्र चालवावयाचें असेल, तर थोडें मोठें यंत्र घेऊन त्यावर कमी भार टाकणें हाच शहाणपणाचा मार्ग.

आवाजाच्या नियमांविषयीं येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. डिझेल वीजयंत्रांसाठीं कारखान्यांत जी आवाज कोंडणारी पेटी करतात, तिच्यांत हवेच्या वाटा वांकड्या पण रुंद ठेवलेल्या असतात. आवाज अडतो, वारा अडत नाहीं. घरीं फळ्या व चिंध्या लावून केलेली पेटी दोहोंनाहि अडविते. झाडीपट्टींतील नाटकमंडळ्या गांवोगांव हिंडतांना वीजयंत्र मंडपापासून दूर, उघड्यावर ठेवतात, तें या दृष्टीनें अधिक सुज्ञपणाचें होय.

येथवर यंत्राच्या जिवाचा विचार झाला. माणसाच्या जिवाचा विचार त्याहून वेगळा आहे आणि दोहोंची गल्लत झाली कीं अनर्थ ओढवतो. वारा चांगला खेळला म्हणजे यंत्र गार राहील. पण त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा वायु त्यामुळें निरुपद्रवी होत नाहीं. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. तो हवेइतकाच हलका असल्यानें खालीं बसत नाहीं कीं वर उडून जात नाहीं; हवेंत मिसळून राहतो. रक्तांतील तांबड्या द्रव्याशीं तो प्राणवायूहून दोनशेंपट अधिक आसक्तीनें जोडला जातो. डोकें दुखतें, गुंगी येते, आणि निजलेल्यास तेवढेंहि कळत नाहीं. जुलै २०२१ मध्यें चंद्रपुराजवळ दुर्गापूर येथें रात्रीं वीज गेली म्हणून एका घरांत वीजयंत्र चालूं ठेविलें गेलें. सकाळीं त्या कुटुंबांतील सहा माणसें मृत आढळलीं. राज्याला वीज पुरविणाऱ्या महाऔष्णिक केंद्राच्या अगदीं शेजारीं हें घडावें, याहून विषण्ण करणारें काय असेल?

म्हणून धुराची नळी हवेच्या दोन्ही वाटांपासून पूर्णपणें स्वतंत्र असली पाहिजे. ती गाडीच्या कडेच्या बाहेरपर्यंत न्यावी. गाडीखालींच सोडूं नये, आणि खिडकीच्या खालीं तर कधींच नाहीं. यंत्राची पेटी व निजण्याची खोली यांमधील भिंत पत्र्याची, सांधे पूर्ण बुजविलेली, उष्णता अडविणारी असावी. तारा नेण्यासाठीं पाडलेलें बोटभर भोंकहि तसेंच उघडें सोडूं नये. शेजारीं दुसरी गाडी उभी असेल, तर आपला धूर तिच्या खिडकींत जातो काय, हेंहि पाहावें. झोंपतेवेळीं यंत्र बंद करावें. ब्रिटनमधील खाणींत १९८६ पर्यंत या वायूची चाहूल घेण्यासाठीं कॅनरी पक्षी पिंजऱ्यांतून नेत असत. आतां तें काम करणारें लहानसें सूचनायंत्र बाजारांत मिळतें. तें निजण्याच्या जागेजवळ लावावें.

प्रवासापूर्वीं एक परीक्षा मात्र टाळूं नये. भर दुपारीं, गाडी उभी असतां, पेटीचीं दारें लावून यंत्र तासभर पुऱ्या भारावर चालवावें व हवा आंत शिरते त्या जाळीशीं तापमापक धरावा. बाहेरच्या सावलींतील पाऱ्याहून तेथील पारा पांच-सहा अंश वर दिसला, तर तापलेली हवा परत आंत येत आहे असें समजावें आणि पडद्याची जागा बदलावी. यंत्र गार झाल्यावर, पेट्रोलची टांकी काढून दूर ठेवून, एखादी उदबत्ती निजण्याच्या खोलींतील भिंतीच्या सांध्यांपाशीं हळूहळू फिरवावी. धूर जेथें ओढला जाईल किंवा थरथरेल, तेथें फट आहे.