शिवारातले पाणी (भाग 9) : हिवाळ्यात उघडा पडणारा तळ

मंठा तालुक्यातली तळी हिवाळ्यात गोठत नाहीत, ओसरतात. लडाखमध्ये कडाक्याची थंडी पडली की तळ्यावर बर्फाचा जाड थर धरतो आणि एरवी पाण्याखाली असलेल्या जागेवरून माणूस चालत जाऊ शकतो. मराठवाड्यात ही संधी पाणी मागे हटल्यामुळे मिळते. दिवाळीनंतर पाझर तलाव, साठवण तलाव आणि गावतळ्यांचा काठ दर आठवड्याला थोडा थोडा खाली सरकतो. मधली जमीन चालून पाहण्यासाठी मोकळी होते.

तळे न गोठण्याचे कारण पाण्याच्या गुणधर्मात आहे. 4 अंश सेल्सिअस तापमानाला पाणी सर्वांत जड असते. त्यामुळे वरचे पाणी गार झाले की खाली बसते आणि खालचे उबदार पाणी वर येते. सगळे तळे 4 अंशांपर्यंत निवल्याशिवाय वर बर्फ धरू शकत नाही. परभणी परिसरात पारा 5 अंशांखाली उतरल्याच्या नोंदी आहेत, पण अशी थंडी पहाटेचे काही तासच टिकते आणि दिवसाचे ऊन ती भरून काढते. पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असल्याने तळ्यावर धुके तरंगताना दिसते.

ओसरण्याची कारणे तीन. रब्बीच्या हरभरा-गव्हासाठी उपसा सुरू होतो. पाझर तलावातले पाणी बेसॉल्टच्या भेगांतून खालच्या विहिरींकडे जाते. उरलेल्यातले बरेचसे वाफ होऊन उडते. मराठवाड्यात उघड्या पाण्याचे वर्षभरातले बाष्पीभवन तिथल्या पावसाच्या दुपटीहून अधिक असते. या भागातले अनेक पाझर तलाव 1972 च्या दुष्काळातील आणि नंतरच्या रोजगार हमीच्या कामांतून उभे राहिले. पाणी साठवून ठेवण्यापेक्षा जिरवणे हेच त्यांचे काम असल्याने त्यांचा तळ लवकर उघडा पडतो.

काठाकडून पाण्याकडे जाताना तीन पट्टे लागतात. पहिला पट्टा सर्वांत आधी सुकलेला. काळी चिकणमाती ओलीने फुगते आणि सुकताना आकसते, म्हणून येथे पाच-सहा कोनांच्या खोल भेगा पडतात. बेडूक, कोळी आणि कीटक या भेगांत आसरा घेतात. दुसरा पट्टा अर्धवट ओला. लव्हाळा आणि गवताचे कोवळे कोंब येथे उगवतात, आणि रात्री पाण्यावर आलेल्या प्राण्यांचे ठसे येथेच स्पष्ट उमटतात. रोह्याचा खूर दोन फाकांचा असतो. रानडुकराच्या खुरामागे बऱ्याचदा आणखी दोन लहान खुणा दिसतात. कोल्ह्याच्या पंजात नखे उमटतात, मांजराच्या पंजात सहसा नाहीत. तिसरा पट्टा पाण्यालगतच्या चिखलाचा. येथे शिंपले, गोगलगाईंचे शंख आणि चिखलात राहणाऱ्या अळ्या सापडतात.

या अळ्यांवर हिवाळी पाहुणे आणि इतर पाणपक्षी जगतात. चोचीच्या लांबीप्रमाणे त्यांनी चिखल वाटून घेतलेला असतो. टिलवा वरवरचे टिपतो, तुतवार काठाने शेपटी हलवत वेचतो, पाणलाव्याची लांब चोच खोल रुतते आणि शेकाट्या उंच पायांवर उथळ पाण्यात शिरतो. चक्रवाकाची विणीची ठिकाणे लडाख, तिबेट आणि मध्य आशियात आहेत. हिवाळ्यात तिथली तळी गोठतात, अन्न बर्फाखाली जाते, म्हणून तो हिमालय ओलांडून दख्खनच्या न गोठणाऱ्या तळ्यांवर येतो. पट्टकादंब हंसाचेही तेच; मराठवाड्यात तो जायकवाडीच्या नाथसागरावर दिसतो. तिकडच्या बर्फाचा आणि इकडच्या चिखलाचा संबंध हे पक्षी जोडतात.

तळावर पावसाळ्याचा हिशोबही लिहिलेला असतो. ओढा तळ्यात शिरतो तेथे पाण्याचा वेग मंदावतो आणि गोटे व वाळू आधी खाली बसतात. बारीक माती पाळूपर्यंत पोहोचते. ओढ्याच्या मुखापासून पाळूकडे चालत गेले की पायाखालचे कण बारीक होत जातात. खोल भेगेत किंवा गाळ काढलेल्या खड्ड्यात पावसाळ्यांनी आणलेले थर दिसतात. हीच माती शेतात नेण्यासाठी राज्यात 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना राबवली जाते. मोठ्या जलाशयांच्या उघड्या पडलेल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. टरबूज, काकडी, हरभरा तिथल्या ओलीवर येतो.

मंठ्याच्या उत्तरेला सुमारे 40 किलोमीटरवरील लोणार सरोवरात पाणी ओसरण्याचा परिणाम आणखी ठळक दिसला. जून 2020 मध्ये पातळी घटून क्षारता वाढली, क्षारात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि पाणी गुलाबी झाले.

तळावर चालताना काही नियम पाळावेत. गाळाचा वरचा थर दुधावरच्या सायीसारखा घट्ट वाटतो, पण खाली पाय गुडघाभर रुतू शकतो. म्हणून हाती काठी असावी, पुढची जमीन आधी टोचून पाहावी आणि लेकरांना एकटे सोडू नये. भेगांत साप असू शकतात. घोट्यापर्यंतचे बूट घालावेत आणि भेगेत हात घालू नये. पक्ष्यांपासून अंतर राखावे आणि गाळपेरीची रोपे तुडवू नयेत. सकाळचे पहिले दोन तास सर्वांत चांगले. ऊन तिरपे असल्याने ठसे उठून दिसतात.

दर जानेवारीत आशियातील पाणपक्ष्यांची गणना होते. मंठा परिसरातल्या शाळांनी त्या महिन्यात आपल्या गावच्या तळ्यावर मुलांना न्यावे, पाण्याची पातळी, पक्षी आणि ठसे वहीत नोंदवावेत आणि हे काम दरवर्षी चालू ठेवावे. गावाच्या पाण्याचे खरे दप्तर अशाच नोंदींतून तयार होईल.