ठोसेघरला चाललात? आधी पाय पाहा

आषाढ लागला, की सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्यात ठरावीक प्रकारचे रुग्ण दिसू लागतात. कुणाचा घोटा सुजलेला, कुणाचे गुडघे धरलेले, कुणाला जुलाब. 'काल कुठे गेला होतात?' असे विचारले, की उत्तर येते, 'ठोसेघरला, डॉक्टर. तसं फार चालायचं नव्हतंच.'

चालायचे फार नसते हे खरे. साताऱ्यापासून ठोसेघर साधारण पंचवीस किलोमीटर. वाटेत सज्जनगड लागतो, पुढे बोरणे घाट. गाडी धबधब्याच्या अगदी जवळ जाते आणि तिथून पायऱ्या व पायवाटेने समोरच्या गॅलरीपर्यंत जाता येते. आजी-आजोबांनी, नातवंडांनी जरूर जावे अशी ही जागा आहे. एरवी 'रोज चाला' म्हटले की तोंड वाकडे करणारी मंडळी इथे हौसेने चालतात, हे मला डॉक्टर म्हणून फार आवडते.

पण या वाटेची एक खोड आहे. किल्ला चढताना दम लागला, तर माणूस मागे फिरतो आणि मागे उतारच असतो. इथे उलटे आहे. जाताना उतार, येताना चढ. उतरताना दम लागत नाही, म्हणून आपण ठणठणीत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात उतारावर अंगाचा सगळा भार गुडघ्यांवर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ येते ती त्यामुळेच. पावले लहान टाकावीत, हातात काठी घ्यावी. काठीची लाज वाटत असेल, तर छत्री घ्यावी, पण चांगल्या दांड्याची. गुळगुळीत तळाच्या चपला शेवाळावर मुळीच चालत नाहीत.

परतीच्या चढावर खरी परीक्षा हृदयाची. छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे होणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणे, दरदरून घाम येणे, आणि थांबले की बरे वाटणे, याला कृपा करून 'गॅस' म्हणू नका. भज्यांना दोष देऊन पुढे चढू नका. आहात तिथेच बसा. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल, तर ती बसूनच घ्या आणि सोबतच्यांनी १०८ ला फोन करावा. आणि ती गोळी खिशात हवी, गाडीतल्या पिशवीत नव्हे.

मधुमेह्यांसाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण गेल्या पावसाळ्यातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. माझे एक रुग्ण, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सकाळी साखरेची गोळी घेतली आणि 'वर गेल्यावर खाऊ' म्हणून न्याहारी टाळली. परतीच्या चढावर त्यांचा तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, ते सुनेवरच खेकसू लागले. आजूबाजूच्यांनी काय समजायचे ते समजून घेतले. 'घेतलीय म्हाताऱ्यानं,' असे एकजण मोठ्याने म्हणाला. ज्या माणसाने जन्मात बिडी ओढली नाही, त्याच्याबद्दल! सुदैवाने सुनेला त्यांचा घामाने थबथबलेला शर्ट दिसला. पावसातही त्यांचे अंग गार आणि घामेजलेले होते. तिने लेकराच्या दुधासाठी आणलेली साखर त्यांच्या तोंडात घातली. पंधरा-वीस मिनिटांत ते 'मी इथे का बसलोय?' असे विचारू लागले.

हे रक्तातली साखर घसरल्याचे लक्षण. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेणाऱ्यांना हा धोका जास्त. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना तो क्वचितच. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी, मग पोळी-भाजी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. थेट दवाखाना गाठावा.

आता पाण्याविषयी. ठोसेघरचा मोठा धबधबा लांबूनच पाहायचा असतो, पण येता-जाता रस्त्याकडेच्या लहान धारांखाली लोक उभे राहतात. वरून पाण्याबरोबर दगडही येतात, हे कुणी ध्यानात घेत नाही. आपल्या डोक्यावर पाऊस नसला, तरी वरच्या पठारावर असू शकतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, पाला-काटक्या वाहू लागल्या किंवा आवाज वाढला, तर सामान तिथेच टाकून काठावर उंच जागी जावे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पुढच्याच ऑगस्टात आपल्या बोरणे घाटात फोटो काढताना एक तरुणी दरीत कोसळली. तिला दोराने वर काढावे लागले, म्हणून ती वाचली. कठड्याला पाठ लावून फोटो काढणाऱ्यांना मी आता सरळ हटकतो. लोक रागावतात. रागावू देत.

झऱ्याचे पाणी कितीही निर्मळ दिसो, वरच्या अंगाला गुरे चरत असतात. घरचे उकळलेले पाणी न्यावे. जुलाब लागलेच, तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट चमच्याने मोजून.

घरी आल्यावर मधुमेह्यांनी ओले मोजे काढून पाय कोरडे करावेत, विशेषतः बोटांच्या बेचक्या. पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर खडा रुतलेला कळत नाही. तळव्याखाली आरसा धरून पाहावे किंवा घरातल्या कुणाला पाहायला सांगावे. फोड दिसला, तर सुईने फोडू नका, हळद भरू नका. सोमवारी सकाळी दवाखान्यात या.