जिभेखालची गोळी : कधी, कशी, किती?

रोह्याच्या एका गृहस्थांच्या छातीत रात्री दहाला कळ आली. घरात सॉर्बिट्रेटची पट्टी होती. गोळी जिभेखाली ठेवताच बरे वाटले. बाराला पुन्हा दुखले, पुन्हा गोळी. असे करता करता उजाडले. सकाळी ईसीजी काढला तेव्हा हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. जीव वाचला, पण हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला. "गोळीने दुखणे थांबत होते ना, डॉक्टर?" हा त्यांच्या पत्नीचा प्रश्न मी विसरलेलो नाही.

या गोळीचे काम समजून घेऊ. ती रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे हृदयावरचा भार उतरतो आणि दुखणे कमी होते. याच जातीचे नायट्रोग्लिसरीन म्हणजे सुरुंगातले स्फोटक. छातीच्या दुखण्यावर त्याचा उपयोग डॉ. विल्यम मरेल यांनी १८७९ साली लंडनमध्ये मांडला. पण झटक्यात रक्ताच्या गुठळीने वाहिनी बंद होते. ती गुठळी ही गोळी विरघळवत नाही.

ज्यांना डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे, त्यांनी दुखू लागताच काम सोडून खाली बसावे. ५ मिलिग्रॅमची एक गोळी जिभेखाली ठेवावी. पाण्याबरोबर गिळू नये. घड्याळ पाहावे. ५ मिनिटांत दुखणे थांबले नाही किंवा वाढले, तर लगेच १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत ५-५ मिनिटांनी आणखी गोळी घेता येते, पण एकूण तीनपेक्षा जास्त नकोत. थांबलेले दुखणे परत आले, तरीही रुग्णालयच गाठावे. डोके ठणकणे हा गोळीचा नेहमीचा परिणाम आहे, त्याला घाबरू नये.

दुसऱ्याची गोळी मात्र घेऊ नये. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात कारागिराची छाती दुखली. शेजाऱ्याने आपल्या वडिलांची गोळी दिली. कारागीर सकाळपासून उपाशी. उठून उभा राहताच रक्तदाब उतरला, भोवळ येऊन पडला आणि कपाळाला टाके पडले. रक्तदाब कमी असेल, चक्कर येत असेल तर ही गोळी नकोच. लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल घेतले असेल तर २४ तास, टाडालाफिल घेतले असेल तर ४८ तास ही गोळी वर्ज्य. रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो. डॉक्टरांपासून ही गोष्ट लाजेने लपवू नका.

छातीत दुखण्याची पहिलीच वेळ असेल, घाम सुटला असेल, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, तर "गॅस असेल" म्हणून सोडा पीत बसू नये. मोटारसायकलवर मागे बसून येऊ नये. पेण आणि रोहा दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. ईसीजी तेथे लवकर निघाला तर पुढची वाट लवकर ठरते.

घरातली पट्टी आज काढून तिच्यावरची मुदत पाहा. गोळीने दुखणे थांबेल, झटका थांबेलच असे नाही.