टाकीतल्या गाळाची बायोप्सी

देगलूरमध्ये काढलेला गाठीचा तुकडा तपासणीसाठी नांदेडला पाठवला जातो. रक्ताच्या तपासणीतून काहीतरी बिघडल्याचे कळते. नेमके काय, हे पेशी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. अमेरिकेत हॅनफर्ड येथे जमिनीखालच्या टाक्यांतील किरणोत्सारी गाळही याच न्यायाने तपासला जातो.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बसाठी प्लुटोनियम तयार करताना उरलेला कचरा तेथे पोलादी टाक्यांत साठवू लागले. अशा १७७ टाक्या असून सुमारे २१ कोटी लिटर कचरा साठला. साठहून अधिक टाक्या गळल्याचे मानले जाते, आणि जवळूनच कोलंबिया नदी वाहते. गाळ काचेत कोंडण्याआधी त्यातले अॅल्युमिनियम कमी करावे लागते. रासायनिक तपासणी ते किती आहे एवढेच सांगते, कोणत्या रूपात आहे ते नाही. गिब्साइट हे रूप कॉस्टिक सोड्यात लवकर विरघळते, बोहेमाइट मात्र चिवट. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोघांचे स्फटिक वेगळे ओळखू येतात; युरेनियम, प्लुटोनियमसारख्या जड मूलद्रव्यांचे कण तर उजळून दिसतात. शिवाय नमुना चिमूटभरही लागत नाही. त्यामुळे तपासणाऱ्याला किरणोत्साराचा मारा कमी बसतो, आणि वैद्यकाच्या दृष्टीने हेच सर्वांत मोलाचे.

असा कचरा महाराष्ट्रातही आहे. ट्रॉम्बे येथे १९६४ पासून वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढले जाऊ लागले. त्या प्रक्रियेतल्या एका रसायनामुळे जुन्या कचऱ्यात सल्फेट राहिले. ते नेहमीच्या काचेत पुरते मिसळत नाही. पिवळसर क्षार वेगळा होतो आणि तो पाण्यात विरघळतो. त्याच्यासोबत सीझियमही गेले, तर काचेत कोंडून उपयोग काय? म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी बेरियमयुक्त काच वापरली. नुसत्या डोळ्यांना एकजीव वाटणारी काच खरोखर तशी आहे का, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच कळते.

कचऱ्यातून वेगळे काढलेले सीझियम-१३७ हे केंद्र आता काचेच्या कांड्यांत बंदिस्त करते. रक्तपेढीतील यंत्रात या कांड्यांचे किरण रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी निष्क्रिय करतात. एरवी या परक्या पेशी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या शरीरावरच उलटू शकतात. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानियात भंगारातल्या उपचारयंत्रातून सीझियम क्लोराइडची भुकटी घरोघर पसरली आणि चार जण दगावले. काचेची कांडी फुटली तरी तिची अशी भुकटी होत नाही, आणि ती पाण्यात सहजी विरघळतही नाही.